बागेतला चित्रांचा रविवार

बागेत बसून आम्ही जी चित्रं काढली, त्यांतलं एकही आज धड शिल्लक नाही. कोकणची दमट हवा आणि वाळवी, दोघींनी मिळून त्यांचा निकाल लावला. किस्से मात्र उरले! आणि किश्श्यांचं असं, की चारजण ओटीवर जमले की एकाला दुसरा आठवतो, दुसऱ्याला तिसरा, आणि आतून आलेला चहा निवून जातो.

ही गोष्ट तीस सालच्या आगेमागेची. मी तेव्हा रत्नागिरीत पोस्टात कारकून होतो. आमचे दामले मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. थंडीतल्या एका रविवारी, ज्याला हौस असेल त्याने रंग घेऊन गावातल्या बागेत यावं आणि उघड्यावर चित्र काढावं, ही त्यांची कल्पना. परीक्षा नाही, बक्षीस नाही. "गावात बघे पुष्कळ आहेत," मास्तर म्हणाले, "वर्षातून एक दिवस तरी काढायला बसा!"

मग काय, दरवर्षी बसायला लागलो.

*

पहिल्या वर्षी शेवडे वकिलांनी बागेतली विहीर काढायला घेतली. वकिलांचा आवाज कोर्टातून थेट बंदरापर्यंत जायचा. हात मात्र रंगाच्या बाबतीत अगदीच नवशिका.

तेवढ्यात बाजाराला आलेला एक खेडूत नवी कोरी टोपी घालून विहिरीसमोर येऊन उभा राहिला.

"बाजूला व्हा हो, मला विहीर काढायचीय!"

"काडा की सायब! मी आपला हितंच उभा ऱ्हातो. माजा भाव मुंबईला गिरणीत हाय, त्याला सांगीन माजं चित्र काडलंन म्हनून."

वकिलांनी समजावलं, दरडावलं, कायदा सांगितला. तो हलेना. शेवटी हरून वकिलांनी त्याला चित्रात घेतलं. बिचारा उन्हात ताठ उभा! काम संपल्यावर तो जवळ आला, कागदावर वाकून बराच वेळ बघत राहिला.

"टोपी झ्याक आलीय, सायब. पन तिच्याखाली ह्यो मानूस कोन?"

*

पुढच्या वर्षी वकिलांनी ठरवलं, माणूस नको, नुसतं आकाश काढायचं. निळा रंग भरपूर कालवून ठेवला आणि पाय मोकळे करायला गेले. परत येतात तो एक गाय रंगाची बशी चाटून पुसून लख्ख करतेय. जीभ निळीशार!

गायीचा मालक धावत आला. "अवो वकीलसायब, काय चारलंत हिला? आता दूध निळं आलं तर?"

वकील क्षणभरही अडले नाहीत. "आलं, तर आधी कृष्णाच्या देवळात ने. मग माझ्याकडे ये!"

*

आठल्ये डॉक्टर आमच्यातले खरे शौकीन. विलायती ब्रश, घडीचं स्टूल, डोक्यावर हॅट. पण दवाखाना बंद असला तरी रोगी थोडेच बंद असतात? ते शोधत शोधत बागेत यायचे. डॉक्टर एका डोळ्याने नारळाचं झाड बघायचे आणि दुसऱ्याने रोग्याची जीभ.

एकाला घाईघाईत त्यांनी ब्रशनेच औषध लिहून दिलं. थोड्या वेळाने तो कंपाउंडरच्या घरून कागद फडकवत परत आला. "कंपाउंडर इचारतायत, ह्यातलं औषध कंचं आणि ढग कंचा?"

त्याच दिवशी विहिरीचा पोहरा दोर तुटून आत पडला. रंगाला पाणी नाही! डॉक्टर डगमगले नाहीत. शेजारी शहाळी होती, ती फोडून त्याच पाण्यात त्यांनी रंग कालवले. चित्र झालं, झकास झालं. कौतुक ऐकायला म्हणून झाडाला टेकवून ठेवलं, तर बघता बघता तांबड्या मुंग्यांची रांग लागली. निम्मा माड हलायला लागला!

मास्तर लांबून बघून म्हणाले, "डॉक्टर, बाकी काही म्हणा, चित्रात जिवंतपणा आहे!"

*

आता माझं सांगतो. मला चेहरा जमत नसे, म्हणून मी बाकावर झोपलेला माणूस पायांपासून काढायला घेतला. दाभोळहून गलबतावर आलेला कोणी खलाशी होता. एका पायात चांदीचं जाडजूड कडं. मी कमरेपर्यंत पोचलो आणि हा बाबा जांभई देऊन उठला नि चालता झाला!

मी कपाळाला हात लावून बसलो होतो, इतक्यात शाळेचा शिपाई तात्या आला आणि त्याच बाकावर आडवा झाला. देवच पावला! वरचा अर्धा भाग मी तात्याचा काढला. तोंडावर हात होता, त्यामुळे चेहऱ्याचीही चिंता मिटली.

संध्याकाळी तात्याची बायको त्याला शोधत आली. झोपलेल्या तात्याकडे तिने नंतर पाहिलं, आधी चित्राकडे. बघता बघता भुवया चढल्या. मग तिने तात्याला गदागदा हलवलं.

"उठा! चांदीचं कडं कधी केलंत? आणि आता कुठं लपवलंत, बोला!"

*

शेवटचा किस्सा डॉक्टरांच्या घरचा.

डॉक्टरांची बायको यमूताई. तिची रांगोळी बघायला आळीतल्या बायका यायच्या. मास्तरांनी आग्रह केला म्हणून एका वर्षी तीही बागेत आली. चारचौघांत, पुरुषमाणसांच्या शेजारी बसून चित्र काढणारी बाई गावाने तोवर पाहिली नव्हती. बातमी घरी पोचायला कितीसा वेळ!

दुपारी फाटकातून माई आल्या. माई म्हणजे डॉक्टरांच्या आई. तरुणपणीच नवरा गेलेला, तेव्हापासून अंगावर विधवेचं तांबडं आलवण, डोक्यावरून पुढे ओढलेलं. त्यांना पाहताच डॉक्टर स्टूल सोडून वडाच्या बुंध्यामागे गेले! यमूताई मात्र जागची उठली नाही.

माई तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. कागदावर समोरचा चाफा होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"माणसं येतात तुला?"

"थोडी थोडी येतात, माई."

"मग माझं काढ."

त्या समोरच्या बाकावर बसल्या. यमूताईने नवा कागद घेतला. हळूच म्हणाली, "माई, जरा हलू नका हं."

माई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. "अगो, जन्मभर सगळ्यांनी मला 'ऊठ' म्हटलं. 'बसून राहा' म्हणणारी तूच पहिली!"

आम्ही सगळे आपापली चित्रं टाकून भोवती जमलो. डॉक्टरही झाडामागून बाहेर आले. चेहरा झाला, हात झाले. यमूताईने ब्रश तांबड्या रंगाकडे नेला.

"तो नको," माई म्हणाल्या. "लुगडं हिरवं काढ."

डॉक्टर काही बोलायला पुढे झाले. शेवडे वकिलांनी त्यांचा दंड धरला. यमूताईने वर पाहिलं नाही. बशीत हिरवा कालवला आणि बशी उचलून सासूबाईंना दाखवली.

"असा?"

माई पुढे वाकल्या.

"नव्हे गो. इतकं पोपटी नव्हतं ते. जरा गडद कर. आणि काठ डाळिंबी."