पुडीला आम्ही औषध म्हणत नव्हतो

सासूबाईंच्या तळहातात गुलाबाचा काटा मोडला, त्याचं घरात कुणालाच काही वाटलं नाही. मखमलाबादच्या पुढे आमची फुलांची शेती आहे. काटा रोजचाच. सुईनं काढायचा, हळद दाबायची आणि पुन्हा झाडापाशी जायचं. त्यांचा काटा पुरता निघाला नाही. हात सुजला, मनगटापर्यंत लाल झाला. ताप मात्र नव्हता. "ताप नाय ना, मग काय नाय," असं त्याच म्हणाल्या आणि आम्हाला ते पटलं. मग उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा पोटात ठरेना. दोन दिवस असे गेले आणि तिसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कोणाच्या वो बाई?" त्यांच्या पायाला हात लावला तर पाय गार. मी आणि धाकट्या दिरानं त्यांना उचलून गाडीत घातलं आणि शहरातल्या दवाखान्यात आणलं.

आयसीयूतल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण बोलणं थेट. हातातला संसर्ग रक्तात पसरलाय, त्यामुळे बीपी कोसळलंय, याला सेप्टिक शॉक म्हणतात, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केलं होतं. सर्जन हात उघडून पू काढणार होते.

"घरी काही औषधं चालू आहेत?"

"शुगरची गोळी," दीर म्हणाला. "बाकी काही नाही. आणि मॅडम, एक गोष्ट लिहून घ्या. स्टेरॉईड द्यायचं नाही."

मॅडमनी मान वर केली. मी कारण सांगितलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी जाऊ, म्हणजे त्याची बायको, ऑक्सिजनवर होती. स्टेरॉईड दिलं, ती वाचली. पण तिला शुगर होती, ती भडकली, नाकात बुरशी शिरली आणि डावा डोळा काढावा लागला. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द शिवीसारखा झाला होता. मॅडमनी ऐकून घेतलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत गेल्या.

माझे यजमान टेम्पोत शेवंती भरून सुरतेला गेले होते. फोन केला तर म्हणाले, "मी निघालोच. तोवर तुम्ही दोघं ठरवा." ठरवायची वेळ येईल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

पू निघाला. हात मोकळा झाला. बीपी काही वर येईना. आयसीयूच्या दाराला काचेची पट्टी होती, तिच्यातून सासूबाईंच्या उशाशी लावलेला पंप दिसायचा. बीपी धरून ठेवणारं औषध त्यातून थेंबाथेंबानं जात होतं. सकाळी एक पंप होता. दुपारी त्याच्याशेजारी दुसरा आला. हे चांगलं लक्षण नाही, एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

मॅडम पुन्हा बाहेर आल्या.

"पंपाचा डोस वाढवतोय तरी बीपी टिकत नाहीये. अशा वेळी आम्ही हायड्रोकॉर्टिसोन देतो. ते स्टेरॉईडच आहे, लपवत नाही. जंतू मारायचं काम अँटिबायोटिकचं. पण हे दिलं तर शरीर पंपातल्या औषधाला साथ द्यायला लागतं."

"मी सकाळीच नाही म्हणालो," दीर म्हणाला.

"म्हणूनच विचारायला आले. आणि मला अजून एक विचारायचंय. आजी आधीपासून स्टेरॉईड घेतात का?"

"आमच्या घरात?" तो हसलाच. "मॅडम, तुम्ही माणसं चुकलात."

"त्यांचा चेहरा गोल आहे, हातपाय काडीसारखे. कातडी कागदासारखी झालीय. दंडावर न लागता काळेनिळे डाग आहेत. एवढा पू होऊन ताप नाही. गुडघेबिडघे दुखतात का त्यांचे? त्याच्यासाठी काही पुड्या वगैरे?"

मी दिराकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

पुडी होती. कळवणच्या आठवडे बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. दीर रोपांसाठी त्या बाजूला जायचा तेव्हा आईसाठी त्याच्याकडून पुड्या आणायचा. राखाडी रंगाची पूड, मधात कालवून सकाळच्या चहाआधी चाटायची. पहिल्या आठवड्यातच सासूबाई चवड्यावर बसून फुलं तोडायला लागल्या होत्या. सगळ्या गल्लीनं नवल केलं होतं. सकाळी दीर खोटं बोलला नव्हता. आमच्याकडे औषध म्हणजे डॉक्टरनं दिलेली गोळी. पुडी ही चहा, मिसरी यांच्या रांगेतली गोष्ट. ती कोणी औषधात धरतच नाही.

"ती आयुर्वेदिक आहे," दीर हळूच म्हणाला.

"असेलही. मी तपासलेली नाही. पण अशा पुड्यांत स्टेरॉईडच्या गोळ्या कुटून घातलेल्या आम्ही पुष्कळ बघतो. आजींकडे बघून मला तेच वाटतंय. शेवटची कधी घेतली?"

"उलट्या लागल्यापासून नाही," मी म्हणाले. "पोटात काही ठरतच नव्हतं."

मॅडम दाराला टेकून उभ्या राहिल्या. "मूत्रपिंडाच्या वर छोट्या ग्रंथी असतात. संकट आलं की शरीराला लागणारं स्टेरॉईड त्या स्वतः तयार करतात. रोज बाहेरून आयतं मिळालं की त्या काम सोडून देतात. इतका मोठा संसर्ग झाला, त्यात पुडीही बंद झाली. आता आजींच्या शरीरात ते बनतही नाहीये आणि बाहेरून येतही नाहीये. म्हणून मला घाई आहे."

"आणि बुरशी झाली म्हणजे?" दिराचा आवाज चढला. "शुगर आहे तिला. माझ्या बायकोच्या वेळीपण असंच समजावलं होतं. तेव्हा सही मीच केली होती. परत मीच करू?"

"धोका नाहीच असं म्हणत नाही. शुगर तासातासाला बघू, इन्सुलिन चालू ठेवू. डोसही मोजका असेल. पण न देण्याचा धोका आत्ता समोर दिसतोय."

तेवढ्यात आतून नर्सनं हाक मारली आणि मॅडम गेल्या. दीर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. चूक कोणाची यावर बोलायला त्याला आणि मला पुढे आयुष्य होतं. आत्ता ते काढून उपयोग नव्हता. मी म्हणाले, "भाऊजी, हो म्हणू या."

"वहिनी, माझ्या बायकोला रात्री काळा चष्मा काढताना तुम्ही बघितलेलं नाही."

मी सरळ जावेला फोन लावला, जे घडलं ते सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू केला. मागे मोटारीचा आवाज येत होता, ती पाणी भरत असावी.

"अहो, ऐकताय ना?" ती म्हणाली.

"हं."

"माझ्या डोळ्याच्या नावानं अजून कितीजणांशी भांडणार तुम्ही? डोळा माझा गेला. मी एका डोळ्यानं सुई ओवते, स्वयंपाक करते, तुमचा चेहरा बघते. तो बघायला एक डोळा लय झाला." मग मोटार बंद करून म्हणाली, "आईंना औषध देऊ द्या. आणि शुगर दर तासाला बघतात का, ते तिथं बसून बघा. माझ्या वेळी कोणी बघितली नव्हती."

त्यानं होकाराची मान हलवली. मी दार ठोठावलं आणि मॅडमना म्हणाले, "सुरू करा."

पुढचा वेळ काही घडण्याचा नव्हता, तेच अवघड होतं. औषध गेलं म्हणून लगेच काही झालं नाही. पंपावरचे आकडे होते तसेच राहिले. मी काचेतून बघायचे आणि येऊन बसायचे. दीर मात्र दाराशीच. नर्स बाहेर आली की विचारायचा, "शुगर?" ती आकडा सांगायची. एकदा चढली, इन्सुलिन वाढवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तो जागचा हलला नाही. शेवटी नर्सच वैतागली. "काका, तुमचीच तपासू का एकदा?" म्हणाली.

दिवस कलायला लागला तेव्हा मॅडमनी मला आत बोलावलं. दुसरा पंप बंद होता. पहिल्याचा डोस त्यांनी माझ्यासमोर एक टप्पा खाली केला आणि आम्ही दोघी मॉनिटरकडे बघत उभ्या राहिलो. बीपी थोडं घसरलं, डगमगलं आणि थांबलं. त्याहून खाली गेलं नाही. मॅडमनी श्वास सोडला तेव्हा कळलं की त्यांनाही खात्री नव्हती.

यजमान पोचले तेव्हा सासूबाई डोळे उघडून, "माझा हात कोणी बांधला?" असं विचारत होत्या.

त्या घरी आल्या, पण सोपं काही नव्हतं. हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. पुडी बंद झाल्यामुळे गुडघे धरले आहेत, आणि त्याचा राग माझ्यावर आहे, कारण उरलेल्या पुड्या मी मॅडमना नेऊन दिल्या. "मेले असते तर गुडघं तरी दुखलं नसतं," असं वॉकर ढकलत दिवसातून एकदा ऐकवतात. स्टेरॉईड एकदम थांबवता येत नाही. ग्रंथी पुन्हा कामाला लागेपर्यंत छोटी गोळी द्यायची, आणि तीही हळूहळू कमी करत न्यायची, असं मॅडमनी बजावलंय. रोज सकाळी ती गोळी दीर स्वतः देतो. आधी बोटाला सुई टोचून शुगर बघतो, मग पाणी, मग गोळी. ती आणायलाही एकदाही चुकलेला नाही. तिचं नाव मात्र तो अजून घेत नाही. मेडिकलवाल्याला पाकीट दाखवतो आणि म्हणतो, "ती पांढरी द्या."