केरातला केरबा

एसटी सुटताना आईने साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशी हाक मारली, "केरबा, पोचल्यावर कळीव रं!" शेजारच्या सीटवर कॉलेजातली मुलगी होती. मी खिडकीची काच ओढून घेतली.

बडोद्याला कारखान्यात लागलो आणि पहिल्याच दिवशी नाव सांगितलं, किरण. कागदोपत्री केरबा राहिलो, तोंडी किरणभाई झालो. कारेलीबागेत फ्लॅट घेतला, तेव्हा दारावर पाटीही किरणचीच लावली. गावाकडच्या माझ्या माणसांनो, तुम्हाला घराचा फोटो पाठवला, त्यातून ती पाटी मी कापून टाकली होती.

आई इथे एकदाच आली. शेजारच्या कोकिलाबेन भेटायला आल्या होत्या. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "केरबा, साखर कुठं हाय?" कोकिलाबेन म्हणाल्या, "केरबा कोण?" मी हसत सांगितलं, "गामनो जूनो नोकर. बाने आदत छे." म्हणजे गावचा जुना नोकर, आईला सवय आहे.

आईला गुजराती येत नव्हती. पण 'नोकर' कळायला गुजराती कशाला लागते? त्यानंतर तिने मला नावाने हाक मारली नाही. समोर असलो की "अरं, हिकडं बघ", फोनवर "जेवलास का?" मला तेव्हा चक्क सुटल्यासारखं वाटलं होतं.

ती गेली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. घर सांभाळू, शेत पडू देणार नाही, सगळं कबूल करून झालं. शेवटी काकी माझ्याजवळ आली. "तुझ्या आधीची तीन पोरं गेली तिची. तुला जन्मल्याबरोबर केराच्या ढिगावर ठिवलं, मीच उचलून तिच्या ओटीत घातलं. टाकलेलं पोर म्हणून मरणानं बघू नये, म्हणून केरबा. म्हण, आई, तुझा केरबा हाय."

आई त्या तीन पोरांबद्दल कधी बोलली नव्हती. मी काकीचे शब्द म्हटले. पण बडोद्याचे दोन मित्र थोड्या अंतरावर उभे होते, म्हणून पुटपुटलो. लाज याचीच वाटते, त्या क्षणीही मी आधी त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यावरही कावळा शिवला.

बडोद्यात आता माझं सगळं आहे. घर मात्र मी तिथेच मानतो, जिथे मला केरबा म्हणतात, आणि आईच्या मायेने तसं म्हणणारी आता एक काकीच उरली आहे. काकी, पुढच्या खेपेला निघताना स्टँडवर ये. मोठ्याने हाक मार. मी काच उघडी ठेवीन.