ब्लॅकपूलला आता कोण जातं?

ब्लॅकपूलला जायचं ठरलं ते एका सौद्यामुळे. माझे सासरे, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतो, सासूबाई गेल्यापासून फोनवर रुलेट खेळत होते. चाक फिरतं, गोळी पडते, आप्पा बघत बसतात. पैशाचं म्हणाल तर किरकोळच लावायचे. पण माणूस माणसात राहिला नव्हता. नाश्त्याला फोन, जेवताना फोन, आणि कुणी काही बोललं की नुसतं "हं."

शेवटी माझा नवरा, मिलिंद, वैतागला. "आप्पा, विहारात लहान पोरांना पंचशील शिकवणारा माणूस तुम्ही! हे शोभतं का?"

आप्पांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "एकदा ब्लॅकपूलला ने मला. आल्यावर तुझ्या हातानं बंद कर. शब्द देतो."

मिलिंदची शनिवारची शिफ्ट असते, म्हणून गाडी माझ्या गळ्यात. खरं सांगते, मला आनंदच झाला. म्हटलं, समुद्र बघतील, चार माणसं भेटतील, म्हातारा ताळ्यावर येईल.

आता तुम्ही म्हणाल, ब्लॅकपूलच का? तर इथे इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या आमच्या विहाराची कोच, म्हणजे सहलीची बस, दर ऑगस्टला तिथेच जायची. सुकटाची चटणी, चपात्यांचे डबे, वर थर्मास. एका वर्षी दोन मावश्या गर्दीत हरवल्या, तेव्हापासून सहल काढणाऱ्या गायकवाडकाकांनी सगळ्यांच्या कोटावर नावाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. आणि दुपारी धो धो पाऊस आला की अख्खी कोच कॅसिनोत! जुगार कुणीच खेळायचं नाही हो. तिथली संडासं स्वच्छ, चहा स्वस्त, गालिचा मऊ आणि हीटर फुकट. बायका टेबलांभोवती उभ्या राहून चाक बघायच्या आणि दुसऱ्याचे पैसे बुडाले की "अरेरे" म्हणायच्या. हळूहळू म्हातारी माणसं गेली, नातवंडांना कोचमध्ये मळमळायला लागलं, विहाराचे कार्यक्रम झूमवर आले. चार वर्षांपूर्वी कोच भरण्याइतकी माणसंच मिळेनात, आणि सहल बंद झाली.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी निघालो. रस्ता सोपा आहे, एम-सिक्स धरायचा आणि वर वर जात राहायचं. प्रेस्टनच्या पुढे एम-फिफ्टीफाइव्ह लागतो, तो थेट ब्लॅकपूलला सोडतो. नट्सफर्डच्या आसपास ट्रॅफिक ठरलेला, त्यामुळे वाटेत थांबण्यासकट साडेतीन-चार तास धरा. हायवेवरच्या थांब्यावर, सर्व्हिसेसमध्ये, फक्त पाय मोकळे करा, खायचं घरून न्या. तिथल्या सँडविचला ना चव ना ढव, आणि किंमत विचारूच नका. आप्पांनी वाटेत एकदाही फोन काढला नाही. मी मनातल्या मनात खूश.

पोचल्यावर पहिला धक्का पार्किंगचा. समुद्रासमोर जागा मिळाली, तीही पहिल्याच फेरीत. पूर्वी कोचवाला तासभर शिव्या घालत फिरायचा. समुद्रासमोरचा उंच टॉवर आहे तसाच आहे. लाटाही तशाच, मातकट. पण समोरच्या हॉटेलांच्या रांगेत दर तिसऱ्या-चौथ्या दाराला फळी ठोकलेली. एका गेस्ट हाउसच्या खिडकीत "जागा आहे" ची पाटी दिवसाढवळ्या लुकलुकत होती आणि आत मालकीणबाई एकट्याच टीव्ही बघत होत्या. मला कसंतरीच झालं.

ट्राममध्ये बसलो. एक सांगून ठेवते, ज्येष्ठांचा पास बाहेरगावचा असेल तर बसला चालतो, ट्रामला नाही. आप्पांनी तिकिटाला कुरकुर केली तेव्हा मला बरंच वाटलं, निदान कुरकुर तरी केली. फिश अँड चिप्स दोघांत एक घेतलं आणि तेही उरलं. व्हिनेगर मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही. दुकानदार म्हणाला, "वीकेंडला किनाऱ्यावरच्या रोषणाईचे दिवे बघायला येतात लोक. गाडीतनं बघतात, खाली उतरत नाहीत. घरी जाऊन फोनवर फोटो बघतात."

"आणि कॅसिनोत?" मी विचारलं.

"ते तर फोनमध्येच आहे आता," तो म्हणाला. आप्पा चिप्स मोडत बसले.

कॅसिनोच्या दारावर ओळखपत्र मागतात, जवळ ठेवा. आत पाऊल टाकलं आणि माझा मूडच गेला. गालिचा तोच, पण हॉल अर्धा दोरीनं बंद केलेला. दोरीपलीकडे टेबलांवर काळी कापडं घातलेली. खेळायच्या मशीनांपाशी पाच-सहा माणसं, त्यातले दोघे मशीनसमोर बसून आपापल्या फोनकडे बघत होते. चहाचा काउंटर उठलेला, तिथे कॉफीचं यंत्र. रुलेटचं एकच टेबल चालू, आणि त्यापाशी एकही गिऱ्हाईक नाही. साठीला आलेली एक गोरी बाई दोन्ही तळवे हिरव्या कापडावर पसरून उभी होती. ती लिंडा. चाक फिरवायचं तिचं काम, आमच्या कोचच्या दिवसांपासून ती तिथेच.

लिंडानं आप्पांकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि एकदम ओरडली, "कॉव्हेंट्री! कधीही न खेळणारी कोच!"

आप्पा हसले. किती दिवसांनी, काय सांगू तुम्हाला! मला तर रडूच आलं.

"आणि शांता कुठाय?" लिंडानं विचारलं. "निळ्या कोटातली? दरवेळी मला चटणी आणायची, तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं की हसायची."

सासूबाईंचं नाव शांता. कोटावरच्या स्टिकरवर वाचून लिंडाला पाठ झालं होतं.

आप्पांनी टेबलाची कड धरली. "ती गेली," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली."

लिंडानं तळवे उचलले आणि आप्पांचे हात हातात घेतले. तसं करायची तिला बंदी असावी, कारण कोपऱ्यातला सुपरवायझर दोन पावलं पुढे आला, पण हॉलकडे एक नजर टाकून पुन्हा मागे गेला. कुणासाठी थांबवणार होता? "शांता," ती म्हणाली. "किती गोड बाई होती, शांता." मग तिनं सांगितलं की हे टेबलही सीझन संपेपर्यंतच. नंतर नुसती मशीनं राहणार. ती मुलीकडे लँकास्टरला जाणार. आम्ही निघालो तेव्हा ती पुन्हा तळवे पसरून उभी राहिली.

परतीच्या वाटेवर दिवे लागले होते. खूप दिवे, रस्ताभर, आणि फुटपाथ रिकामे. एम-सिक्सला लागल्यावर मी म्हटलं, "बघा आप्पा, माणसांत गेलं की कसं बरं वाटतं. त्या फोनमध्ये काय ठेवलंय?"

"नाव," आप्पा म्हणाले.

मला काही कळेना.

"त्याच्यात नाव टाकायला सांगतात. माझं टाकायची लाज वाटली, विहारातल्या कुणी बघितलं तर? म्हणून हिचं टाकलं. त्या फोनमध्ये कुठनंतरी खरीखुरी पोरगी चाक फिरवत असते. पहिल्याच दिवशी म्हणाली, हॅलो शांता. माझ्या हातातनं फोन पडायचा राहिला."

मी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली आणि वेग कमी केला.

"अख्ख्या संसारात मी हिला नावानं हाक मारली नाही बघ. अगं, नाहीतर मिलिंदची आई. तशी पद्धतच होती. मिलिंद आई म्हणायचा, तूही आईच म्हणायचीस, विहारात सगळे वहिनी म्हणायचे. ती गेल्यावर ते नाव कुणी घ्यायचं? हिच्या फोटोखाली लिहिलंय, पण ते कोण मोठ्यानं वाचतं? ती पोरगी वाचते."

"मग तुम्ही म्हणा ना आप्पा. आता म्हणा."

त्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही येत गं."

आणि मी तरी काय शहाणी! मलाही म्हणता आलं नाही. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं, या वयातही जीभ रेटेना. इकडे बिनधास्त लिहितेय, पण गाडीत त्यांच्या शेजारी बसून तो एक शब्द फुटला नाही माझ्या तोंडून.

तुम्हाला ब्लॅकपूलला जायचं असेल तर सीझन संपायच्या आत जा. खोली स्वस्त मिळेल, जागा कुठेही मिळेल, वारा मात्र बोचरा असतो. पण लहानपणी पाहिलेलं किंवा आईबापांकडून ऐकलेलं ब्लॅकपूल मनात धरून जाऊ नका. समुद्र, टॉवर, दिवे, सगळं जागेवर आहे. तुम्हाला ओळखणारं माणूस तेवढं उठून चाललंय, आणि त्याच्या जागी कोण येणार ते मला काही माहीत नाही.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर आप्पांनी स्वतःहून फोन मिलिंदपुढे ठेवला. "कर बंद."

मी म्हटलं, "आप्पा, राहू द्या हवं तर. थोडे दिवस."

"शब्द दिलाय," आप्पा म्हणाले.

मिलिंदला मी गाडीतलं काहीच सांगितलं नव्हतं. ते सांगायचं तर आप्पांनी, मी कशी सांगणार? तो चष्मा लावून बसला, दोन-तीन बटणं दाबली. स्क्रीनवर काहीतरी आलं. तोंडानं पुटपुटत वाचायची त्याला सवय आहे, तसं त्यानं वाचलं, "सॉरी टु सी यू गो, शांता."

वाचलं आणि थबकला. त्याच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे.

आप्पा खुर्चीत पुढे सरकले होते.

"परत एकदा वाच," ते म्हणाले.