एकवीस हजार तास चाललेला नवा कॉम्प्युटर

मंगळवारी आमच्या शाळेत दहा नवे कॉम्प्युटर आले. आज शनिवार आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय...

मी झाँसीत मुलींच्या एका शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळते. नोकरी अजून कच्चीच आहे, मला पक्कं करायचं की नाही ते प्रिंसिपल मॅम पुढच्या महिन्यात ठरवणार. आणि माल आला की 'सर्व मशीन नवीन व चालू स्थितीत मिळाली' या कागदावर पहिली सही माझी असते.

खोके सीलबंद होते. की-बोर्डवर प्लास्टिक, आत थर्माकोल, नव्या मालाचा तो वाससुद्धा. दुकानदार अंकल स्वतः आलेले. "मैडम, बस यहाँ साइन कर दीजिए, बाकी सब टनाटन है," म्हणत पेन पुढे करून उभे.

मला न बघता सही करता येत नाही. याला शहाणपणा म्हणू नका, आजार म्हणा हवं तर... गॅस बंद केलाय का ते बघायला मी अर्ध्या जिन्यातून दोनदा परत जाते. शिवाय पाचवीपर्यंत मला आत्याने घरीच शिकवलं, आणि उत्तर बरोबर आलं तरी ती म्हणायची, "कसं काढलंस ते दाखव."

तर मी माझा पेनड्राइव्ह लावला. त्यात लिनक्स आहे, विंडोजसारखीच एक सिस्टिम. त्यावरून मशीन सुरू केलं की काळ्या स्क्रीनवर एकेक कमांड टाइप करून, आत खरंच काय बसवलंय ते मशीनलाच विचारता येतं.

प्रोसेसर बरोबर निघाला. मेमरी आठ जीबीऐवजी साडेसात दिसली आणि मी अंकलकडे वळलेच होते... मग आठवलं, थोडी मेमरी ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली असते. बरं झालं, तोंड उघडलं नाही.

मग smartctl चालवलं. ही कमांड हार्ड डिस्कची तब्येत सांगते, आणि ती डिस्क आजवर एकूण किती तास चालली तेही. कोऱ्या डिस्कला तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा. तिथे होता २१,४००.

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. बॅगेतून माझा लॅपटॉप काढला, त्यावर तीच कमांड चालवली. तीन वर्षं मीच वापरलाय तो, त्याचा आकडा चार हजारच्या आत. मग दुसरं मशीन, तिसरं... एकोणीस हजार, तेवीस हजार. मदरबोर्डवरची तारीखही तितकीच जुनी.

रोज आठ तास धरले तर सात वर्षं होतात. कुठल्यातरी ऑफिसात सात वर्षं राबलेली मशीन पुसून-बिसून, नव्या खोक्यांत घालून, आमच्या मुलींना पाठवली होती!

अंकलना दाखवलं तर ते हसले. "अरे मैडम, वो तो कंपनी में टेस्टिंग होती है." सात वर्षं टेस्टिंग? एवढं विचारलं, तर त्यांनी थेट मॅमनाच बोलावून आणलं.

मॅम माझ्यावरच उखडल्या. "तुम्हें लैब चलाने रखा है, जासूसी करने नहीं. अगले हफ़्ते प्रैक्टिकल हैं. साइन करो और बात ख़त्म करो."

खोटं कशाला सांगू, मी पेन उचललंही होतं...

तेवढ्यात अंकल जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "अगं, तू नगरा मोहल्ल्यातल्या रेल्वेवाल्या भाऊंची मुलगी ना? मूळचे गुरसराय गावचे तुम्ही. आमची धाकटी बहीण तिथेच दिलीय, तुमच्याच गल्लीत. आपल्यातलीच पोर तू, आणि असं करतेस होय?"

मराठीत! दीड तास हा माणूस माझ्याशी हिंदीत बोलत होता. म्हणजे मी कोण, ते यांना आल्यापासून माहीत होतं.

या शहरात आपली माणसं मोजकीच. बाजारात मराठी कानावर पडली तर मी वळून बघते. धाकटा भाऊ आईला हिंदीत उत्तर देतो म्हणून त्याच्याशी भांडते. आणि यांनी तीच भाषा खिशात ठेवली होती, पकडले गेल्यावर काढायला... त्या चार वाक्यांचा मला जेवढा संताप आला, तेवढा त्या आकड्यांचाही आला नव्हता.

मी हिंदीत उत्तर दिलं. "अंकल जी, जो दिख रहा है, वही लिखूँगी."

कागदावरच्या 'नवीन' शब्दावर काट मारली. शेऱ्याच्या जागेत दहाही मशीनचे तास लिहिले. सगळी तपासून होईपर्यंत दोघांना थांबावं लागलं, थांबले. मग खाली सही केली.

मॅमनी कागद वाचला. त्यांची सही माझ्या सहीखाली असते, म्हणजे आता त्यांना ते आकडे वाचूनच ती करावी लागणार होती. मग म्हणाल्या, "भाईसाहब, गाड़ी बुलवाइए. सब वापस ले जाइए." मला एक शब्द नाही. अजूनही बोलत नाहीत.

घरी बाबा म्हणाले, "केलंस ते ठीकच. पण मंडळाच्या गणपतीत ते भेटतील तेव्हा तोंड कसं दाखवायचं?" तोंड आपण का लपवायचं, बाबा?... पण हे मी मनातच म्हणाले.

नोकरीचं काय होईल माहीत नाही. मुली पुढच्या आठवड्यात लॅबमधल्या आधीच्याच चार मशीनवर आळीपाळीने प्रॅक्टिकल देतील. काही जणी माझ्यावर चिडतील, आणि ते मला लागेल.

ती smartctl कमांड कुणी अनोळखी लोकांनी कधीतरी लिहिली आणि जगाला फुकट देऊन टाकली. ते माझ्या नात्यातले नाहीत, गावचे नाहीत, मी कोणाची मुलगी हे त्यांनी विचारलं नाही. मंगळवारी त्या खोलीत माझ्या बाजूने तेवढेच होते... त्यांचे आभार.