काळ्या पट्टीतलं नाव

आमच्या गल्लीत दुकानातली कार्ड घासायची मशिनं दुरुस्त करणारा एकजण राहतो. काही विचारलं की "बघा हां" म्हणतो आणि बाकीचं हातांनीच सांगतो.

परवा कोळीवाड्यातली एक मावशी वारलेल्या नवऱ्याचं बँकेचं कार्ड घेऊन त्याच्याकडे आली. बँकेने कापून टाकायला सांगितलेलं, पण तिचं मन धजेना.

"बघा हां." त्याने कार्डामागच्या काळ्या पट्टीवर लोखंडाची बारीक पूड भुरभुरवली आणि टिचकी मारून जादाची झटकली. केसासारख्या उभ्या रेघा उमटल्या. मी वाकून बघितलं.

"मावशी, यात काकांचं नाव हाय. चुंबकानं लिवलेलं."

"सगलं?" मावशीने विचारलं.

"आडनावासकट."

चिकटपट्टीने त्या रेघा अलगद उचलून त्याने कागदावर लावल्या, मगच कार्ड कापलं.

उखाण्याबाहेर जे नाव मावशीने कधी घेतलं नव्हतं, ते तिने पदराच्या गाठीत बांधलं.