नाल्याचा अर्ज

धाड गावच्या शाळेतल्या गुरुजींनी माझ्याकडून अक्षर गिरवून घेतलं, म्हणून मी पदवीपर्यंत पोचलो आणि बुलढाण्याच्या कचेरीत अर्ज स्वीकारणारा कारकून झालो.

कचेरीच्या दाराशी एक अर्जनवीस बसे. टाकाची निब तो डोक्याच्या केसांना पुसायचा. अर्ज लिहून झाला की अर्जदाराला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि "हेच म्हनायचं हाये ना तुले?" असं विचारल्याशिवाय त्याचा अंगठा घ्यायचा नाही.

एकदा तो आत आला तेव्हा त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. त्यानं दिलेल्या अर्जात अर्जदार होता त्याच्या गावचा नाला. 'बाजाराच्या जागेसाठी मला बुजवू नये', एवढीच विनंती होती.

"नाल्यालेबी वाचून दाखवला काय?" शिपाई हसला.

"हाव, तिथूनच येऊन राह्यलो."

मी म्हणालो, "पण नाल्याची सही?"

"मारुतीच्या नावानं शेत हाये ना साहेब? त्याची सही वहिवाटदार करते. याची मी केली."

वरच्या साहेबांच्या भीतीनं मी 'अर्जदार अस्तित्वात नाही' असा शेरा लिहून अर्ज परत केला.

उन्हाळ्यात नाला बुजवला. त्यानंतर अर्जनवीस मला दारातच भेटला. निब केसांना पुसत शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचा शेरा आता खरा झाला."

त्याच दिवशी मी पत्र टाकलं :

"ती. गुरुजींस सा. न. तुम्ही गिरवून घेतलेल्या अक्षरात मी एक खोटं लिहिलं. लिहिलं तेव्हा नाला वाहत होता."