जत्रेतून आणलेलं दाढीचं यंत्र

सासरी कुठलीही किळसवाणी वस्तू आली की ती माझ्या पुढ्यात टाकायची, असा जणू नियमच होता. कारण एवढंच, की माझे वडील शहापूरच्या दवाखान्यात ड्रेसर होते, लोकांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधायचे. जखमा वडील धुवायचे, मी नव्हे. पण धसईजवळच्या त्या खेड्यात हा फरक कोण लक्षात घेतो? बैलाच्या खुरात किडे पडले, बोलवा दवाखानेवालीला. कुणाच्या पोराचा कान वाहतोय, बोलवा. म्हणून आमचे हे म्हसाच्या जत्रेतून परतले आणि त्यांनी उपरण्याच्या गाठीतून एक दाढीचं यंत्र काढून माझ्या हातावर ठेवलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला. जत्रेला ते वेसण आणि घोंगडी आणायला गेले होते.

लढाईचा शेवटचा हिवाळा होता तो. छावण्यांतला टाकाऊ माल कुठून कुठून फिरत जत्रेपर्यंत यायचा. पट्टे, बूट, पत्र्याचे मग, आणि त्यातच एका गोणपाटावर पलटणीत शिपायाशिपायाला मिळणाऱ्या अशा यंत्रांचा ढीग. यांनी त्यातलं एक उचललं, आणि कागदात गुंडाळलेलं एक पातं. यंत्राचे तीन भाग होते. दांडा, खालची दातेरी पट्टी आणि वरचं झाकण, मधे पातं धरायचं. दात्यांमधे कुणाचा तरी साबण वाळून दगड झाला होता, आणि त्या साबणात केस अडकले होते. बारीक, पिवळट. आपल्याकडच्या माणसाचे ते नव्हतेच.

"नीट धू," हे म्हणाले. "मामांच्या गालाला लागनार हाय."

मामा म्हणजे माझे सासरे. मळणीच्या दिवसांत पेंढ्याच्या उडवीवरून पडून त्यांनी मांडीचं हाड मोडून घेतलं होतं. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून ते पडवीत खाटेवर पडून होते आणि त्यांची दाढी वाढत होती. गावचा न्हावी कल्याणच्या छावणीत सोजिरांच्या दाढ्या करायला निघून गेला होता. धसईचा न्हावी बाजारात आलेल्या कुणाचीही दाढी करायचा, पण दुसऱ्या न्हाव्याच्या गावात पाऊल टाकायला तयार नव्हता. त्यांच्या जातीत ते चालत नाही म्हणे. मामांना उचलून धसईला न्यायचं तर हाड पुन्हा निसटायचं. दाढी न करता राहिलं तर फार तर गालाला खाज सुटते, यापलीकडे बिघडलं काय असतं? असं मला वाटायचं. माझं चुकत होतं.

माझे धाकटे दीर पलटणीत होते. तिकडे आसामच्या पुढे खेचरं हाकायला गेले होते, आणि पावसाळ्यापासून त्यांचं कार्ड नव्हतं. आता ज्या घरातला मुलगा लढाईवर आहे त्या घरातला बाप दाढी वाढवून खाटेवर पडलेला दिसला, तर आल्यागेल्याने काय समजायचं? सुतकात माणूस दाढी करत नाही. लोक पडवीपर्यंत यायचे, मामांच्या तोंडाकडे बघायचे आणि आवाज खाली आणायचे. एकदा शेजारची बाई पातेलंभर भात आणि वालाचं कालवण घेऊन दारात उभी. आमच्या घरी चूल पेटली नसेल, अशी तिची समजूत. मी चुलीचा धूर दाखवला तेव्हा तीच वरमली, आणि पातेलं परत नेताना पदराने तोंड लपवून गेली.

कहर केला तो किन्हवलीच्या एका लांबच्या पाहुण्याने. तो आला, टोपी काढून मांडीवर ठेवली, बोडक्याने बसला आणि उसासा टाकून म्हणाला, "कवा कळला?"

मामांना काही उमगेना. ते म्हणाले, "काय कवा कळला?"

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होत्या. तो बोडका पाहुणा बघितला आणि त्यांना सगळं कळलं. तांब्या तिथेच आपटून त्या ओरडल्या, "टोपी घाल आदी! घाल टोपी! माजा पोर जिता हाय!" तो बिचारा टोपी उलटीच डोक्यावर ओढून पाणीसुद्धा न पिता उठला. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी यांना फर्मान सोडलं, की काय वाट्टेल ते करा, पण बापसाच्या तोंडावरचं हे सुतक उतरवा. म्हणून ते यंत्र आलं.

इथपर्यंत सगळं मला पटत होतं. माझा जीव मेटाकुटीला आला तो यापुढे.

मी परसात तीन दगडांवर एक टवका उडालेलं मडकं ठेवलं, पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि यंत्राचे तिन्ही भाग खळाखळा उकळले. वडील दवाखान्यात चिमटे-कात्र्या अशाच उकळायचे. पाण्यावर राखाडी फेस आला, त्यात ते पिवळे केस तरंगायला लागले. मी नाक दाबून ते पाणी केळीच्या आळ्यात ओतलं, भाग चिमट्याने काढून उन्हात ठेवले, आणि काम झालं असं समजून हात धुतले.

सासूबाई आल्या. यंत्राकडे लांबूनच बघितलं. "मेलेल्याचा आसंल ता."

"उकळलंय मी."

"पान्याना काय व्हतं? गोमूत्रात ठेव."

ठेवलं. सकाळी बघते तर त्यावर निळसर हिरवे डाग! जिथे जिथे वरचा पांढरा मुलामा झिजला होता, तिथे आतलं पितळ उघडं होतं, आणि त्याला गोमूत्राने चांगलाच रंग चढला होता. अशी वस्तू माणसाच्या गालाला लावायची? मग मी चिंच आणि राख घेऊन बसले. घासघासून हिरवं गेलं, पण उरलासुरला मुलामाही खपल्या धरून निघाला. यंत्र बांड्या बैलासारखं दिसायला लागलं. चिंचेचा चिकटा दात्यांत बसला म्हणून पुन्हा उकळलं. तरी सासूबाईंची मान हलेना. मग माहेराहून आणलेलं, विहिरीत टाकायचं लाल औषध जपून ठेवलं होतं, त्याच्या पाण्यात बुडवलं. ते बाहेर निघालं तपकिरी होऊन. ते डाग काढायला लिंबू. लिंबू चोळताना दात्याने माझं बोट कापलं आणि लिंबाचा रस त्या कापल्यात गेला. मी त्या वेळी जे बोलले ते मामांनी पडवीतून ऐकलं आणि खाट हलेपर्यंत हसले. हाड निसटलं असतं म्हणजे तेही माझ्याच डोक्यावर.

इकडे आमच्या ह्यांची निराळीच कलाकारी चालली होती. पातं बोथट होतं. काचेच्या आतल्या अंगाला घासलं की पात्याला धार येते, असं त्यांना जत्रेत कुणीतरी सांगितलं होतं. घरात काच एकच, कंदिलाची. ती पायांत धरून हे आत बोट घालून पातं फिरवत बसले. मी म्हटलं, "अहो, काच फुटेल." म्हणाले, "तू धुवायचा बघ." काच फुटली. रॉकेल तर आधीच मिळत नव्हतं, आता कंदीलही गेला. त्या आठवड्यात आम्ही चिमणीच्या उजेडात जेवलो आणि मी ताटं आपटत वाढली. धार मात्र आली होती, हे कबूल करायला हवं.

आणि सासूबाईंचं आपलं तेच. यंत्र उचलायचं, उजेडात धरायचं, दात्यांमधून बघायचं, खाली ठेवायचं. "अजून एक बार धू." इकडे मामांच्या दाढीची टोकं आता गळ्याला टेकायला निघाली होती आणि वाटेवरून जाणारे माना लववून जात होते. या बाईला दाढी काढायची आहे की नाही? विटाळाची एवढी भीती होती तर मुलाला यंत्र आणायला सांगितलंच कशाला?

शेवटी माझा तोल गेला. त्यांनी पुन्हा "अजून एक बार" म्हटलं आणि मी ते यंत्र दगडावर आपटलं. "आता काय वितळवू? उकळलं, गोमूत्रात घातलं, राखेने घासलं, माझ्या बोटांची सालं निघाली! त्यात त्या मेलेल्याचं आता काही म्हणता काही उरलेलं नाही!"

मला वाटलं, आता माझ्या माहेरचा उद्धार होणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "त्या केसांचा काय केलास?"

"कुठल्या केसांचं?"

"पयल्या पान्यात निगाले ते. पिवले."

"केळीच्या आळ्यात ओतलं पाणी. का?"

त्या खाली बसल्या. यंत्र उचलून पदराने पुसायला लागल्या. "त्याचीबी आयस आसंल ना गो कुठं. वाट बगत आसंल. तिला म्हाईतबी नाय, आन् आपून हितं तिच्या पोराचा घासून घासून पुसून टाकतोय." मग दांडा पुसता पुसता म्हणाल्या, "माज्या पोराचा कुनीतरी आसाच घासत बसला आसंल तर?"

इतके दिवस मी समजत होते की त्यांना विटाळ सोसवत नाही. पण त्या पोराचं पुसलं जाणंही त्यांना सोसवत नव्हतं. पुन्हा पुन्हा धुवायला सांगायच्या आणि धुऊन झालं की त्यांनाच ते बघवायचं नाही. माझा राग कुठे जिरला कळलं नाही. पण तो कुणावर तरी काढायला हवा होता, म्हणून मी लढाई करणाऱ्या सगळ्या सरकारांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

त्या दिवशी त्यांनी यंत्र स्वतःच मामांच्या हातात दिलं. यांनी झाकण आधी उलटं बसवलं, त्यामुळे पातं गालाला लागेचना, नुसता साबण इकडून तिकडे सरकत होता. मग सुलटं बसवलं. मी पाण्याची परात आरशासारखी धरून उभी राहिले. मामांचा चेहरा दाढीखालून निघाला तो इतका वाळलेला, की दाढी होती तीच बरी होती असं क्षणभर वाटलं. पण दुसऱ्या दिवशी वाटेवरचे लोक पुन्हा मोठ्या आवाजात हाका मारायला लागले.

आणि सासूबाईंनी एक नवीन कायदा काढला. त्या आळ्यातल्या केळींना हात लावायचा नाही. "माजा येईस्तंवर." अधूनमधून त्या तिथे पाण्याची ओंजळ आणि चिमूटभर तांदूळ सोडायच्या. केळींना घड लागले, पिकले, वटवाघळांनी खाल्ले. घरात सणाला केळं नाही म्हणून मी बाजारातून आणायची आणि परसात आमची केळी सडायची. चिडायचं तरी कुणावर?

लढाई संपली. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी दीर दारात उभे राहिले. काळे, हडकलेले, खांद्यावर पत्र्याची पेटी. सासूबाईंनी आधी त्यांचे दोन्ही हात चाचपले, मग पाय, मग रडल्या. मी पाणी तापवायला ठेवलं. आंघोळीआधी दीरांनी गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "दाढीला काय हाय का?" मामांनी आमचं ते बांडं यंत्र पुढे केलं.

"तुजा कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"माजा?" दीर हसले. "तो कवाच दिला. तिकडं जातानाच, ठेसनात एका केलीवाल्याला. फनीभर केली दिलीन त्याना. पलटनीत न्हावी व्हता, मना कशाला पायजे? सगलेच देत व्हते. गोरे सोजीरबी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी इकडे राखेने बोटं सोलत होते, सासूबाई जेवत नव्हत्या, कंदिलाची काच फुटली, आणि तिकडे कुठल्याशा स्टेशनात एक केळीवाला आमच्या भावोजींच्या यंत्राने आरामात गुळगुळीत होत होता! मी तोंड उघडलं, बोलणारही होते. पण सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर असं काही उजळलं होतं, जे मुलगा दारात दिसला तेव्हाही नव्हतं.

"म्हंजे त्या बाईचाबी पोर जिता आसंल," त्या म्हणाल्या.

दीरांना काहीच कळलं नाही. "कुठली बाई?"

त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा गो, घड काप. पिकलाय चांगला."

कोयता कायम दाराआडच्या खुंटीला असायचा. डोळे एवढे भरून आले होते, की तो मला किती तरी वेळ सापडेना.